विद्येचे मोल : क्षारसूत्राच्या निमित्ताने



'ग्रंथ घरात असताना पैसे मोजून शिकावयाचे कशाला?' हा प्रश्न आपल्या व्यवसायात वारंवार ऐकू येतो. चिकित्सालय चार दिवस बंद ठेवावे, प्रवास व निवासाचा खर्च सोसावा आणि वर तज्ज्ञास मानधन द्यावे, हे अनेकांस जड वाटते. खर्च डोळ्यांस दिसतो, त्याचे फळ मात्र लगेच दिसत नाही. ते फळ नेमके कोणते, याचा विचार आम्ही क्षारसूत्राच्या उदाहरणावरून करू इच्छितो.

भगंदरातील क्षारसूत्राचा उल्लेख सुश्रुतसंहितेत व चक्रदत्तात आहे. 1960 च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कर्माचे पुनरुज्जीवन केले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत केलेली तुलनात्मक चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चाचणीत क्षारसूत्राने व्रण भरण्यास शस्त्रकर्माहून अधिक काळ लागला, परंतु रोगाची पुनरुत्पत्ती कमी आढळली.

सूत्रनिर्मितीची प्रचलित कृती सर्वांस ठाऊक आहे. लिननच्या दोऱ्यावर एकंदर 21 लेप द्यावयाचे. त्यांपैकी पहिले 11 केवळ स्नुहीक्षीराचे, नंतरचे 7 स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे आणि शेवटचे 3 स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्णाचे. प्रत्येक लेप पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावयाचा. ही कृती चार ओळींत लिहिता येते. मग शिकण्यासारखे उरते काय?

आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही केवळ वाचनाच्या आधारे सूत्रे तयार केली. लेपांची संख्या बरोबर होती, वर्णही उत्तम होता. परंतु सूत्र बोटांत धरून वाकवताच क्षाराची पूड झडू लागली. दुसरी खेपही तशीच गेली. अखेरीस या कर्मात अनेक वर्षे घालविलेल्या एका ज्येष्ठ वैद्यांस मानधन देऊन आम्ही आमच्या निर्माणशाळेत पाचारण केले. त्यांनी प्रथम काहीच शिकविले नाही. आम्ही कसे करतो, एवढेच पाहिले. मग दोन दोष दाखविले. आम्ही चीक अर्धवट सुकल्यावर क्षार लावीत होतो. तो दोरा ओला असतानाच लावावयास हवा होता. शिवाय क्षाराची बरणी उघडी राहिल्याने क्षाराने हवेतील आर्द्रता शोषून घेतली होती व त्याच्या गुठळ्या होत होत्या. ग्रंथात यांपैकी काही नव्हते असे नाही. परंतु आमचा हात कोठे चुकतो, हे ग्रंथ पाहू शकत नव्हता. वाया गेलेल्या दोन खेपांचा हिशेब मांडला, तेव्हा मानधन त्याहून कमी निघाले.

निर्माणशाळेत चूक झाली तर द्रव्य वाया जाते. रुग्णाच्या बाबतीत तसे नाही. नाडीव्रणात एषणी घालताना बळ लावले, तर एषणी खऱ्या मार्गाबाहेर जाऊन नवा कृत्रिम मार्ग तयार होतो. आतील मुख सापडले नाही, तर व्याधी पुन्हा उद्भवतो. गुदाचे नियंत्रण करणाऱ्या स्नायूंस इजा झाली, तर मलवेग धारण करण्याची शक्तीच जाऊ शकते. एषणीस होणारा विरोध किती झाल्यावर थांबावे, गाठ किती घट्ट असावी, दर आठवड्यास सूत्र बदलताना काय तपासावे, हे हातास हात लागूनच कळते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोणता रुग्ण आपण हाती घेऊ नये व एमआरआय करवून अधिक अनुभवी शल्यविदाकडे केव्हा पाठवावा, हे कळणे. तज्ज्ञास दिलेल्या द्रव्याचे खरे फळ हेच. माहिती ग्रंथातून अल्प मूल्यात मिळते. आपल्या चुकीवर ठेवलेली अनुभवी दृष्टी मात्र विकत घ्यावी लागते.

हा विचार नवा नाही. सुश्रुताचार्यांनी 'योग्या' म्हणजे कर्माभ्यासासाठी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय दिला आहे. छेदनाचा अभ्यास कोहळा, दुधी, काकडी यांवर आणि एषणाचा अभ्यास किडीने पोखरलेल्या लाकडावर व वेळूवर करावा, असे ते सांगतात. रुग्णाचे शरीर ही अभ्यासाची पहिली जागा नव्हे, हा त्याचा अर्थ.

'विद्या विकू नये' असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतात. त्यामागील भावना आदरणीय आहे. तथापि जातककथांतील तक्षशिलेत दोन प्रकारचे शिष्य दिसतात. एक आरंभीच आचार्यांचा भाग देणारे, दुसरे दिवसा गुरुगृही श्रम करून रात्री शिकणारे. धनाने असो वा श्रमाने, गुरूच्या वेळेचे मोल त्या काळीही दिले जात असे. आज आपण वर्षभर गुरुगृही श्रम करू शकत नाही. म्हणून मानधन द्यावयाचे.

अर्थात मानधन दिले म्हणजे विद्या आली, असे नव्हे. द्रव्य देण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. तज्ज्ञ हे कर्म स्वतः आजही नियमित करतात काय? एका वेळी किती शिकणारे असतील? शंभर जणांच्या सभागृहात व्याख्यान मिळते, हात सुधारत नाही. आपण केलेले कर्म ते तपासणार काय? परतल्यानंतर येणाऱ्या शंकांस उत्तर मिळेल काय? चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे शस्त्रकर्माचा अधिकार नव्हे, याचेही भान असावे. तो अधिकार शिक्षण व नोंदणी यांवरच ठरतो. त्याचप्रमाणे सूत्रे विक्रीसाठी करावयाची असल्यास औषधनिर्मात्यांस रीतसर परवाना लागतोच.

आमची सूचना अशी. प्रत्येक वैद्याने व निर्मात्याने यंत्रसामग्रीसाठी वार्षिक तरतूद करताना त्याशेजारी 'शिक्षण' असा एक रकाना मांडावा आणि वर्षातून एकच कौशल्य निवडून ते योग्य व्यक्तीकडून पूर्ण शिकावे. एकट्यास खर्च न पेलल्यास तालुक्यातील तीन-चार वैद्यांनी मिळून तज्ज्ञांस बोलवावे. शिकणारे थोडे असल्याने प्रत्येकाचा हात तपासला जाईल आणि भारही वाटला जाईल.

आपल्या अज्ञानाची किंमत कोणी ना कोणी देतच असते. ती आपण आधी दिली नाही, तर रुग्णास नंतर द्यावी लागते.