रक्तातील मेद आणि अवटु ग्रंथीचा कर्करोग : ‘संबंध’ या शब्दाची छाननी

रक्तातील मेदद्रव्ये आणि अवटु ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, कर्करोग यांचा परस्परांशी संबंध आहे, असे विधान वैद्यकीय लेखनात वारंवार आढळते. मात्र त्यातील ‘संबंध’ हा शब्द एकाच वेळी तीन निरनिराळे अर्थ वाहतो. ते वेगळे केल्यावाचून विधानाचे मोल ठरत नाही.

पहिला अर्थ परिणामाचा. अवटु ग्रंथीच्या हॉर्मोनामुळे यकृतपेशींवरील एलडीएल-ग्राहींची संख्या वाढते आणि हे ग्राही कोलेस्टेरॉलवाहक कण रक्तातून उचलून घेतात. याच ग्राहींच्या शोधाबद्दल ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हॉर्मोन उणे पडले की ग्राही घटतात व कोलेस्टेरॉल वाढते. कर्करोगामुळे संपूर्ण ग्रंथी काढून टाकल्यावर रुग्णास हे हॉर्मोन गोळ्यांवाटे द्यावे लागते. किरणोत्सर्गी आयोडीनच्या उपचारापूर्वी या गोळ्या काही आठवडे थांबविल्यास कोलेस्टेरॉल चढते. त्या पुन्हा सुरू केल्यावर उतरते. येथे कार्यकारणभाव खराच आहे. परंतु कारण कर्करोग नव्हे, हॉर्मोनची उणीव होय.

दुसरा अर्थ केवळ सहवासाचा. स्थूलता ही या कर्करोगाची शक्यता वाढविते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले. आणि स्थूल व्यक्तींच्या रक्तात ट्रायग्लिसराइडे पुष्कळदा अधिक असतात. शिवाय तपासणीचाही प्रभाव पडतो. दक्षिण कोरियात मानेच्या ध्वनिचित्रणाचा प्रसार झाल्यावर २०११ मधील नव्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ स्थिर राहिले. आरोग्यतपासणीत ज्याचे मेद मोजले जातात, त्याच्याच मानेतील निरुपद्रवी गाठही सापडण्याचा संभव अधिक.

तिसरा अर्थ कारणाचा. वाढत्या पेशींना पटलांसाठी कोलेस्टेरॉल व मेदाम्ले लागतात. म्हणून मेद कर्करोगाला पोषक ठरत असतील, ही कल्पना असंभाव्य नाही. तथापि निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. कारण सिद्ध करावयाचे तर रक्त रोगनिदानाच्या पुष्कळ आधी घेतलेले हवे. तसेच वय, लिंग, वजन व ग्रंथीचे कार्य यांचा हिशेब वेगळा मांडलेला हवा.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. शस्त्रक्रियेनंतर वाढलेले कोलेस्टेरॉल केवळ आहारदोष मानल्यास हॉर्मोनची अपुरी मात्रा लक्षात येत नाही. आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हीच कर्करोगाची सूचना मानल्यास अनावश्यक तपासण्या मागे लागतात. म्हणून मराठीत लिहिताना ‘परिणाम’, ‘सहसंबंध’ आणि ‘कारण’ ही पदे काटेकोरपणे वेगळी राखणे इष्ट होय.