आधी खुराडं, मग अंगण

क्रेटचं झाकण उघडून मी बाजूला झाले, तरी चौघींपैकी एकीनंही पाय बाहेर टाकला नाही. दसरा होऊन चार दिवस झाले होते. संगमेश्वराकडच्या आमच्या घरामागचं गवत अजून हिरवं होतं, आंब्याखाली कवडसे पडले होते आणि त्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. तुरे फिकट, नखं वाढून वळलेली, चोची पुढून छाटलेल्या. घाटावरच्या एका अंड्यांच्या पोल्ट्रीत त्यांचं सारं आयुष्य गेलेलं. दीड वर्षाच्या झाल्या, अंडी कमी होऊ लागली, की अशा कोंबड्या मांसासाठी विकल्या जातात. त्यातल्या चार मी मागून आणल्या.

पिंजऱ्यातलं जगणं नीट समजून घेतल्याशिवाय अशा कोंबडीला अंगण देता येत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाहूनही कमी. पायाखाली तारेची उतरती जाळी, वर दिव्यांचा ठरवून दिलेला दिवस. युरोपीय संघानं असे उघडेबोडके पिंजरे २०१२च्या सुरुवातीपासून बंद केले. आपल्या विधी आयोगानंही २०१७च्या २६९व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या राहणीचा विचार केला. या कोंबड्यांची मूळ पूर्वज लाल रानकोंबडी. ती वर्षाला डझनभर अंडी घालते, लेगहॉर्न तीनशेच्या घरात. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून पुरेसं मिळालं नाही तर ते हाडांतून जातं, आणि पिंजऱ्यात हालचाल नसल्यानं हाडं आणखी ठिसूळ होतात. बाजारात कोंबडी पाय धरून उलटी नेतात, तशी या कोंबडीला एकदाही धरू नये. दोन्ही पंख अंगाला लावून, खालून आधार देऊनच उचलावी.

मला त्यांना त्याच दिवशी हिरवळीवर बघायचं होतं. शेजारच्या काकींनी अडवलं. "लगेच सोडू नको गो. चार दिवस डालून ठेव. घर कळू दे त्यांना." काकींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत. नवी तलंग आणली की डाल्याखाली ठेवायची आणि तिथंच खाऊपिऊ घालायचं, ही त्यांची रीत. तिच्यामागचं कारण मला हळूहळू उमगलं. कोंबडीचं घर म्हणजे तिची झोपायची जागा. रानकोंबड्या दिवसभर जमिनीवर चरतात आणि सांज झाली की उंचावर, ठरल्या जागी जातात, कारण अंधारात त्यांना फारसं दिसत नाही. झोपायची जागा मनात पक्की झाली नसेल, तर मोकळी सोडलेली कोंबडी दिवेलागणीला कुंपणाखाली नाहीतर सरपणाच्या ढिगात बसते आणि रात्री रानमांजर तिला नेतं.

म्हणून आठ दिवस त्या खुराड्यात आणि त्याला लागून जाळी मारलेल्या छोट्या वाड्यात राहिल्या. या आठ दिवसांत मी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकाहून जास्त होतं. पहिल्या दुपारी त्या पाण्याला शिवल्या नाहीत. पोल्ट्रीत पाणी नळीच्या निपलमधून थेंबाथेंबानं मिळतं, परातीतलं पाणी त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. एकेकीची चोच अलगद पाण्याला लावली, मग जमलं. दाण्यांचंही तसंच. त्यांची सवय भरडलेल्या खाद्याची, आणि छाटलेल्या चोचीनं सपाट जमिनीवरचा दाणा उचलता येत नाही. खोल भांड्यात आधी नेहमीचं लेयर खाद्य, दिवसाला एकीला ११० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात हळूहळू तांदळाची कणी मिसळत गेले. वेगळ्या वाटीत कालवांच्या शिंपल्यांचा चुरा ठेवला. दाणा खाऊ लागल्यावर बारीक खडेही हवेत. कोंबडीला दात नाहीत, पेट्यात साठलेले खडेच दाणा दळतात.

रात्री चौघी कोपऱ्यात जमिनीवर गठ्ठा करून बसायच्या. दांडीवर बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर गोल कडांची दांडी बांधली, कारण उंचावरून उडी मारताना ठिसूळ हाड मोडू शकतं. अंधार पडल्यावर एकेकीला उचलून तिच्यावर बसवत गेले. पाचव्या रात्री कंदील घेऊन गेले तर तिघी आपणहून चढलेल्या. चौथी, जिला आम्ही पुढे ठकी म्हणू लागलो, ती अजून खालीच होती.

धुळीची आंघोळ मात्र कुणी शिकवली नाही. कोरड्या मातीत चुलीतली राख मिसळून खळगा केला होता. तिसऱ्या दिवशी एक त्यात कलंडली, पंख पसरून माती अंगावर ओढू लागली, आणि मागोमाग दुसरी. जन्मात माती न पाहिलेली कोंबडीसुद्धा पिंजऱ्याच्या उघड्या तारेवर ही आंघोळ करायचा प्रयत्न करते, हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. तारेवर उडवायला काहीच नसतं, तरी अंग हलत राहतं. हे वाचलं होतं तेव्हाही गलबलले होते. प्रत्यक्ष माती उडताना पाहिली आणि डोळे भरून आले.

नवव्या दिवशी दार उघडलं, ते सूर्यास्ताच्या तासभर आधी. दुपारचं खाणं मुद्दाम कमी ठेवलं होतं. भुकेली कोंबडी लांब जात नाही, आणि अंधार आपोआप तिला परत आणतो. वाटी वाजवायची आणि "आ, आ, आ" म्हणायचं, हे मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक खाण्याला केलं होतं. शब्द कुठलाही चालतो, पण घरातल्या सगळ्यांचा तोच हवा. त्या जेमतेम दहा पावलं गेल्या. दिवस कलला तशा रांगेनं आत आल्या, आणि त्या रात्री ठकीही दांडीवर होती. पुढे रोज वेळ थोडा वाढवला. सकाळी मात्र दहानंतरच सोडायचं, कारण अंडी बहुतेक सकाळी घालतात. आत असल्या की ती खोक्यातल्या भातेणात पडतात आणि झुडपात हरवत नाहीत.

पांढऱ्या कोंबडीला मोकळं सोडताना आभाळाचा विचार करावा लागतो. गावरान करडी कोंबडी पाचोळ्यात दिसत नाही, ही लांबून चमकते. आमच्याकडे घार पिल्लांवर येते, पण मोरघार मोठी कोंबडीही उचलते, आणि मुंगूस भरदिवसा फिरतं. म्हणून झुडपं तोडली नाहीत, उलट आंब्याखाली झावळ्यांचे दोन आडोसे केले. काकींचा कोंबडा या बाबतीत पहारेकरी आहे. आभाळातल्या शत्रूसाठी त्याचा आवाज बारीक आणि लांबट असतो, जमिनीवरच्यासाठी मोठा कलकलाट. पहिला आवाज आला की गावरान कोंबड्या जागच्या जागी दबतात. आमच्या पांढऱ्या दोन आठवडे नुसत्या माना उंचावून बघत. मग त्याही दबू लागल्या.

आमच्या दोन गावरान कोंबड्यांशी मात्र घाई केली नाही. नव्यांना दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवलं, कारण मानमोडी, जंत, उवा दोन्हीकडून येऊ शकतात. लशीचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घेतलं. मग आठवडाभर मध्ये जाळी, म्हणजे एकमेकींना बघायचं पण चोच लागायची नाही. कोंबड्यांमध्ये आधी कुणी खायचं याची उतरंड असते. नॉर्वेच्या थॉरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी ती १९२१मध्ये मांडली. नव्या आल्या की ती पुन्हा ठरते, आणि ठरताना टोचाटोची होतेच. माणसानं सारखं मध्ये पडू नये. खाण्यापाण्याची दोन ठिकाणं करावीत आणि दबणारीला पळायला जागा ठेवावी. रक्त दिसलं तर लगेच वेगळी करून हळद लावावी, कारण लाल ठिपका दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात.

मध्ये दिवाळी आली. फटाक्यांच्या चार रात्री खुराड्यावर गोणपाटं टाकली, वारा येईल एवढी फट ठेवली आणि शेजारच्या मुलांना आवाजाचे फटाके पलीकडच्या शेतात वाजवायची विनंती केली. मुलांनी ऐकलं. लक्ष्मीपूजनानंतर तीन दिवस एकही अंडं नव्हतं. थोडं भीतीमुळे असेल, थोडं दिवस लहान झाल्यामुळे. जूनमध्ये इथं १३ तास उजेड असतो, डिसेंबरअखेर ११, आणि अंड्याचं चक्र उजेडावर चालतं. अनेकजण अशा वेळी खुराड्यात दिवा लावतात. मी लावला नाही. आयुष्यभर दिव्याखाली अंडी दिलेल्या कोंबडीला थोडी विश्रांती मिळावी असं मला मनापासून वाटलं.

चौघींतली एक फाल्गुनात गेली. दोन दिवस पंख पाडून बसली होती, पोट टणक लागत होतं. इतकी अंडी दिलेल्या कोंबड्यांच्या पोटात असे विकार फार होतात. आंब्याखालीच पुरली. बाकीच्या तिघींचे तुरे आता लालभडक आहेत आणि नखं उकरून उकरून झिजली आहेत. काल संध्याकाळी मोजायला गेले तर दोघीच आत होत्या. वाटी वाजवत परसात फिरले. ठकी खुराड्यात नव्हती, गोठ्याच्या पडवीतल्या वाशावर, गावरान कोंबडीच्या शेजारी, पिसं फुगवून बसली होती. तिला दोन्ही हातांनी उचललं. अंग चांगलं जड आणि ऊबदार लागलं.