नव्या अध्यक्षबाई आणि गाईचा सौदा

मागे एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. विषय होता बँकेच्या कर्जाचा, पण गप्पा घसरल्या उपसरपंचाच्या निवडीवर. दोन्ही पॅनेलचं बळ जवळजवळ सारखं आणि मधे एक अपक्ष बाई. आठवडाभर सगळ्या गावाचे डोळे तिच्याच दाराकडे. एका ताईंनी विचारलं, "एकटीला एवढा भाव का? आणि ती कुणाकडे जाणार, हे तिला मत देणाऱ्यांना आधी कळायला नको का?"

प्रश्न चांगला आहे. पण इथल्या पक्षांबद्दल आपल्या रेडिओवर बोलायचं नाही असा नियम आहे. म्हणून उत्तर शोधायला आम्ही लांब गेलो, थेट युरोपच्या उत्तरेला, स्वीडन देशात. लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही कमी. तिथे १३ सप्टेंबर २०२६ ला निवडणूक आहे. आणि तिथल्या एका छोट्या पक्षाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या अध्यक्षबाई निवडल्या आहेत. पक्षाचं नाव सेंटर पार्टी, बाईंचं नाव एलिसाबेत तांद रिंगक्विस्ट.

हा पक्ष मुळात शेतकऱ्यांचा. १९५७ पर्यंत त्याचं नावच शेतकरी संघ होतं. त्याची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३३ साल. जगभर मंदी. शहरात हाताला काम नाही, खेड्यात दूध-लोण्याला भाव नाही. सत्तेवर होता कामगारांचा पक्ष, सोशल डेमोक्रॅट. त्यांना बेकारांसाठी सरकारी कामं काढायची होती, आपल्या रोजगार हमीसारखी म्हणा. पण संसदेत त्यांचं बहुमत नव्हतं. शेतकरी संघाला हवा होता लोण्याला भाव. शेवटी ठरलं: तुम्ही आमच्या कामांना मत द्या, आम्ही तुमच्या लोण्याला देतो. विरोधकांनी नाक मुरडलं आणि या कराराला नाव ठेवलं 'गाईचा सौदा'. आजही स्वीडनमध्ये राजकीय देवाणघेवाणीला तोच शब्द वापरतात.

गंमत अशी की शेतकरी संघाचे तेव्हाचे अध्यक्ष या सौद्याला तयार नव्हते. तो जमवला पेअरसन-ब्रामस्टोर्प नावाच्या दुसऱ्याच शेतकरी पुढाऱ्याने, आणि पुढच्याच वर्षी पक्षाने त्यालाच अध्यक्ष केलं. १९३६ च्या उन्हाळ्यात तो तीनेक महिने पंतप्रधानही झाला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर दोन्ही पक्षांचं संयुक्त सरकार आलं. छोट्या पक्षाचा अध्यक्ष बदलला की लोक कान का टवकारतात, ते यावरून कळेल. पक्षाच्या जागा त्याच राहतात, पण सौद्याला बसणारं माणूस बदलतं.

आता हिशेब बघू. वही-पेन असेल तर लिहून घ्या. स्वीडनच्या संसदेत ३४९ जागा. बहुमताला लागतात १७५. २०२२ च्या निवडणुकीत उजवीकडच्या चार पक्षांना मिळून १७६ जागा मिळाल्या. उरलेल्या चार पक्षांना १७३, आणि त्यातल्या २४ सेंटर पार्टीच्या. फरक फक्त तीनचा. डावीकडचे तीन पक्ष सेंटरला सोडून मोजले तर १४९ होतात, म्हणजे सेंटरशिवाय त्यांचं गणित जुळतच नाही. चोवीस जागांची किंमत ही अशी. आपल्या गावातली ती अपक्ष बाई आठवा.

तिथल्या दोन गोष्टी आपल्याहून वेगळ्या आहेत. पहिली, चार टक्क्यांचा उंबरठा. देशभरात चार टक्के मतं मिळाली नाहीत तर पक्षाला सहसा एकही जागा मिळत नाही, सगळी मतं पाण्यात. म्हणून मोठ्या पक्षाचे काही मतदार मुद्दाम छोट्या सोबत्याला मत देतात. घरचं पीठ शेजारणीला द्यावं तसं, तिची चूल पेटली तरच दोघींचा स्वयंपाक एकत्र होणार. तिकडे गमतीने अशा मतदाराला 'कॉम्रेड चार टक्के' म्हणतात.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. पंतप्रधान व्हायला निम्म्याहून जास्त होकार लागत नाहीत. फक्त नकार १७५ होता कामा नयेत. जानेवारी २०१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट पंतप्रधानांना होकार मिळाले अवघे ११५, नकार १५३, आणि ७७ जण गप्प राहिले. तरी ते पंतप्रधान झाले. म्हणजे तिकडे गप्प बसणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याचीही किंमत वसूल करता येते.

त्या ७७ गप्प राहिलेल्यांत सेंटर पार्टी होती. तेव्हाच्या अध्यक्षा अ‍ॅनी लोफ. त्या २०११ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी अध्यक्ष झालेल्या. त्यांनी मतदारांना दोन शब्द दिले होते. उजवीकडच्या आपल्या जुन्या मित्रांचं सरकार आणू, हा एक. आणि परदेशातून आलेल्या लोकांच्या विरोधावर वाढलेल्या स्वीडन डेमोक्रॅट पक्षाच्या हातात सत्तेची दोरी जाऊ देणार नाही, हा दुसरा. सप्टेंबर २०१८ चा निकाल असा लागला की दोन्ही शब्द एकदम पाळणं अशक्य. बाई त्याआधी असंही म्हणून बसल्या होत्या की सोशल डेमोक्रॅटांना आधार देण्यापेक्षा मी माझा बूट खाईन! चार महिने सरकारच बनेना. शेवटी त्यांनी दुसरा शब्द पाळला, पहिला मोडला. बुटावरून लोकांनी खूप टोमणे मारले.

पण आम्हाला एक गोष्ट आवडली. त्या पाठिंब्याच्या बदल्यात ७३ मुद्द्यांचा करार झाला आणि तो लोकांसमोर ठेवला गेला. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. इथे रुमाल काढलेला होता. कुणाला तो करार पटला, कुणाला नाही, पण वाचता तर आला.

आता आजच्या अध्यक्षबाईंकडे येऊ. तांद रिंगक्विस्ट डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागातल्या. छोट्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रमुख होत्या, २०२२ मध्ये खासदार झाल्या. त्यांच्यापुढची अडचण अशी की दोन्ही टोकांचे पक्ष आता बाहेरून पाठिंबा द्यायला तयार नाहीत. उजवीकडचे स्वीडन डेमोक्रॅट म्हणतात, या वेळी आम्हाला मंत्रिपदं हवीत. डावा पक्षही तेच म्हणतो, नाहीतर विरोधात मत देऊ म्हणतो. आणि सेंटर पार्टीचं पहिल्याशी माणुसकीच्या मुद्द्यावर जमत नाही, दुसऱ्याशी पैशांच्या. उजवीकडे गेलं तरी भांडण, डावीकडे गेलं तरी भांडण. मधल्या पक्षांनी मिळून सरकार करावं, हे बोलायला सोपं आहे, पण तिथले दोन मोठे जुने पक्ष वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध लढत आलेत. ते एका घरात नांदतील असं आम्हाला तरी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तांद रिंगक्विस्ट यांच्या आधी मे २०२५ मध्ये आन्ना-कारिन हट अध्यक्ष झाल्या होत्या. शेतकरी संघटनेच्या माजी प्रमुख, माजी मंत्री, अनुभवी बाई. सहा महिनेही झाले नाहीत तोच ऑक्टोबरमध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं. कारण सतत येणारा द्वेष आणि धमक्या. त्याही आधी, २०२२ च्या जुलैमध्ये, एका राजकीय मेळाव्याच्या गावी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा भोसकून खून झाला. मारणाऱ्याच्या मनात अ‍ॅनी लोफ यांनाही मारायचं होतं, हे पुढे खटल्यात आलं. लोफ यांनी त्याच वर्षी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. आपल्यातल्या ज्या सरपंच झाल्या, ज्यांच्या दारावर रात्री दगड पडले, मोबाइलवर नको ते मेसेज आले, त्यांना हे नवीन नाही. एवढ्या श्रीमंत, शिकलेल्या देशातही हे घडतं, हे ऐकून बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग त्या ताईंच्या प्रश्नाचं काय? आम्हाला वाटतं, निकालाआधी कुणीही संपूर्ण उत्तर देऊ शकत नाही, कारण आकडेच माहीत नसतात. पण छोट्या पक्षाला किंवा अपक्षाला दोन प्रश्न आधी विचारता येतात. कुणाबरोबर मुळीच जाणार नाही? आणि ज्यांच्याबरोबर जाल, त्यांच्याकडून आमच्यासाठी काय मागाल, पाणी, रस्ता, दुधाचा भाव? कुणाबरोबर जाणार यापेक्षा ही उत्तरं जास्त टिकतात. लोफबाईंचा मोडलेला आणि पाळलेला शब्द आठवा.

१३ सप्टेंबरच्या रात्री स्वीडनमध्ये मतमोजणी सुरू होईल. आम्ही आधी बघणार आहोत चार टक्क्यांच्या वर कोण राहिलं, मग १७५ चा हिशेब, आणि मग तांद रिंगक्विस्टबाईंकडे किती जागा उरल्या ते. आकडे आले की याच वेळेला पुन्हा भेटू. वहीतलं पान तेवढं जपून ठेवा.