सहलीतली आजी बाकड्यावरच का?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वस्तीतल्या घराघरांत एकच बोलणं सुरू होतं. पुण्याला कंपनीत असलेला लेक फोन करतो, "या वर्षी पोरांना वॉटर पार्कला नेऊ." लेकरं नाचायला लागतात. सून हिशेब मांडते, गाडीला किती, तिकिटाला किती. मग कोणीतरी आवाज उतरवून विचारतं, "आणि आईचं काय करायचं?"

बहुतेक घरांत या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात. एक, आई घरी राहील, शेळ्या आणि घर बघेल. दोन, आई येईल आणि बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसेल. धाराशिव, कळंब, तुळजापूर भागातल्या वस्त्यांत फिरताना मी ही दोन्ही उत्तरं ऐकते. माझ्या स्वतःच्या घरातही हेच झालं. त्याची किंमत माझ्या आईने मोजली, म्हणून आज या पानावर हा विषय घेतला आहे.

सुट्टी बदलली, घरही बदललं

आपल्या लहानपणी सुट्टी म्हणजे एसटीने मामाच्या गावाला जाणं. आजी-आजोबांच्या पिढीचा लांबचा प्रवास म्हणजे ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, नाहीतर नागपूरची दीक्षाभूमी. भाकरी-चटणी बांधून घ्यायची, मिळेल तिथे चादर अंथरायची. त्या प्रवासात म्हातारी माणसं पुढे असत आणि लेकरं त्यांचं बोट धरून मागे.

आता सहल लेकरांच्या हट्टाने ठरते. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं, १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. शाळेच्या सहली तिकडे जाऊ लागल्या आणि शाळेतून आलेलं लेकरू घरच्यांनाही घेऊन चला म्हणू लागलं. यात वाईट काही नाही. आपल्या लेकरांनी पाण्यात मनसोक्त खेळावं, मोठ्या पाळण्यात बसून ओरडावं. त्यांचाही हक्क आहे.

अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं. वॉल्ट डिस्ने सांगायचे की त्यांच्या मुली गोल पाळण्यात बसायच्या आणि ते बाजूच्या बाकड्यावर बसून राहायचे. तेव्हा त्यांच्या मनात आलं, आईबाप आणि लेकरं एकत्र मजा करतील अशी जागा पाहिजे. म्हणजे बापाने बाकड्यावरून उठावं, यासाठी ही कल्पना निघाली. आपल्याकडे बाप उठला आणि त्या जागी आजी बसली.

ही आजी एकटीदुकटी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण दर दहा माणसांत एक जण साठीच्या पुढचा होता. २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांत एक जण साठीच्या पुढे असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आज चाळिशीत असलेल्या आपण सगळ्या जणी तेव्हा याच बाकड्याजवळ उभ्या असणार.

बाकड्यावर काय झालं

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या भावाने सगळ्यांना एका वॉटर पार्कला नेलं. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. तिला शुगर आणि बीपी दोन्ही. सकाळी आठला तिने चहा-बिस्किटावर शुगरची गोळी घेतली. बांधून आणलेली भाकरी गाडीतच राहिली, कारण बाहेरचं खाणं आत नेता येत नव्हतं. पाण्यात उतरायला ठरावीक नायलॉनचे कपडे लागतात, लुगड्यावर सोडत नाहीत. आई म्हणाली, "तुम्ही जावा, मी हितं बसते."

दहा वाजल्यापासून ती बसली. आठ माणसांच्या पिशव्या, मोबाइल, चपला सगळं तिच्याजवळ. अडीच वाजता वहिनी पाणी प्यायला आली तेव्हा आईचं अंग घामाने भिजलेलं होतं, हात थरथरत होते आणि ती नातवाला भलत्याच नावाने हाक मारत होती. वहिनीला वाटलं ऊन लागलं. बारा वर्षं दवाखान्यात नोकरी केलेली मी त्या वेळी राइडच्या रांगेत उभी होते.

धावत आले, पाहिलं आणि कळलं, शुगर उतरली आहे. ती शुद्धीवर होती, गिळता येत होतं. शेजारच्या लेकराच्या हातातला आंब्याच्या रसाचा गोड डबा मागून घेतला आणि घोट घोट पाजला. पंधरा मिनिटांत तिने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुतारी कुठं हाय ते कुणाला इचारू? सामान सोडून कशी जाऊ? म्हून सकाळधरनं पाणीच पेले न्हाई."

परतीच्या वाटेवर ती एवढंच बोलली, "मला बाकडं दाखवायला आणलं व्हतं का?"

चूक पार्कची नव्हती. ड्रायव्हरला जेवायला किती वाजता सोडायचं हे आम्ही ठरवलं होतं. आईने किती वाजता जेवायचं, हे ठरवलं नव्हतं.

वय झालेलं शरीर वेगळं वागतं

वय वाढलं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण घसा तसं सांगत नाही. त्यात आपल्या आया-बाया लघवीच्या भीतीने पाणी टाळतात. लघवी गडद पिवळी झाली, तोंड कोरडं पडलं, उठताना चक्कर आली, तर पाणी कमी पडलं आहे असं समजा. तासातासाला थोडं थोडं पाणी द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी चालेल हे डॉक्टरांना आधी विचारा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती आपल्या मनाने बंद करू नका. वेळ पुढे-मागे करता येते का, हे विचारून घ्या.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण लांबलं तर शुगर उतरू शकते. घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही तिची खूण. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर भाकरी, पोळी, काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

जुनी शुगर असलेल्यांच्या तळपायाला चटका कळत नाही. वॉटर पार्कच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललं की फोड येतो, पण दुखत नाही. जखम चिघळल्यावर लक्षात येतं. म्हणून पायात चप्पल हवीच, तीही न घसरणारी. ओल्या फरशीवर पडून म्हातारपणी खुबा मोडला तर महिनोन्महिने अंथरूण धरावं लागतं.

ऊन लागल्यावर अंग तापलं, माणूस गोंधळला किंवा निपचित पडला, तर सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला कळवा. छातीत दुखणं किंवा दम लागणं हे "थकवा असेल" म्हणून सोडू नका.

एक गोष्ट चाळिशीतल्या बायांसाठी आणि बाप्यांसाठी. मोठ्या राइडच्या तोंडाशी पाटी असते, बीपी, हृदयाचा आजार, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर बसू नका. पाटी वाचून आपण म्हणतो, मला कुठे बीपी आहे? पण शेवटचं कधी मोजलं होतं? बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या, दिवसभर वाकून काम करणाऱ्या आपल्या बायांचे गुडघे आणि कंबर तर पन्नाशीच्या आतच झिजतात. सहलीच्या आठवडाभर आधी जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन घरातल्या सगळ्या मोठ्यांचं बीपी-शुगर तपासून घ्या.

निघण्याआधी

• औषधं एका छोट्या पिशवीत, एक दिवस जास्तीची. सोबत डॉक्टरची चिठ्ठी. ही पिशवी गाडीत ठेवू नका, अंगाजवळ ठेवा.
• इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. बर्फात घालू नका, गोठलं की निकामी होतं.
• साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा प्रत्येक शुगरवाल्याच्या खिशात.
• गेटवर विचारा, औषधासोबत लागणारं खाणं नेऊ देता का, ज्येष्ठांना तिकिटात सूट आहे का, चाकाची खुर्ची मिळते का.
• आत गेल्या गेल्या पहिलं काम, संडास-बाथरूम कुठे आहे ते आजीला स्वतः नेऊन दाखवा.
• सामान राखायची पाळी लावा. अर्धा-अर्धा तास सगळ्यांनी बसायचं, तरण्या पोरांनीसुद्धा.
• प्रवासात दर दोन तासांनी गाडी थांबवा. उतरून चार पावलं चालू द्या. बसल्या जागी घोटे वर-खाली हलवायला सांगा.

तिला विचारलं का?

सगळ्यात सोपी गोष्ट आपण विसरतो. आजीला कुठे जायचंय, हे कोणी विचारतच नाही. कदाचित तिला वॉटर पार्कलाच यायचं असेल, संथ पाण्यात पाय सोडून बसायचं असेल. कदाचित नसेलही. मग एक सहल लेकरांची आणि एक सहल तिची. तिची सहल महाग नसते. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. आपल्याच जिल्ह्यात तेरचं वस्तुसंग्रहालय आहे, नळदुर्गचा किल्ला आहे.

वॉटर पार्कच्या पुढच्या पावसाळ्यात मी आईला विचारलं. ती लगेच म्हणाली, "नळदुर्ग." बोरी नदीला पाणी होतं, नर-मादी धबधबे वाहत होते. सकाळी लवकर गेलो, दर थोड्या पायऱ्यांनी थांबलो, भाकरी अकराला खाल्ली. पोरांनी कंटाळा येईल म्हणून मोबाइल भरून आणले होते. वाटेत आईने बोट दाखवलं, "बहात्तरच्या दुष्काळात या बाजूच्या रस्त्याला मी खडी फोडली." नातू म्हणाला, "तू? कशी काय?" मग ती बोलत राहिली. मजुरी, सुकडी, टोपलं, पाठीवर बांधलेलं लेकरू. मोबाइल खिशातच राहिले.

त्या दिवशीही ती मधेमधे बसली. पण पोरं तिच्या भोवती बसली होती, आणि पिशव्या माझ्या भावाच्या खांद्यावर होत्या.

या सुट्टीत सहल ठरवायला बसाल तेव्हा तारीख आणि तिकीट यांच्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाची, गोळीची आणि लघवीची वेळ कागदावर लिहा. बाकीची सहल त्याच्या भोवती बसवा. लेकरांची मजा त्याने कमी होत नाही. मी दोन्ही सहली केल्या आहेत, म्हणून सांगते.