स्वतंत्र कोणापासून?

एखाद्या शहरात दहशतवादी हल्ला झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात घटनेच्या वृत्ताशेजारी एक वाक्य हमखास आढळते : ‘एका स्वतंत्र अभ्याससंस्थेच्या अहवालानुसार...’ दूरचित्रवाणीवरील चर्चेतही अशा संस्थांचे तज्ज्ञ हल्ल्याची कारणे सांगतात, पुढील धोका वर्तवतात आणि कोणते कायदे कडक करावेत, हेही सुचवतात. आपण त्यांचे म्हणणे विश्वासाने ऐकतो. कारण संस्थेच्या नावाआधी ‘स्वतंत्र’ हे विशेषण असते. पण ही संस्था नेमकी कोणापासून स्वतंत्र आहे, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

अशा संस्थांना ‘थिंक टँक’ म्हणतात आणि हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. सरकारी धोरणांचा अभ्यास करणे, अहवाल लिहिणे आणि सल्ला देणे, हे त्यांचे कार्य. या क्षेत्रातील एक जुनी संस्था म्हणजे अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलासाठी डग्लस या विमाने बांधणाऱ्या कंपनीत एक संशोधन-प्रकल्प सुरू झाला. १९४८ मध्ये तो कंपनीपासून वेगळा झाला आणि नफा न कमावणारी संस्था म्हणून उभा राहिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहशतवादी हल्ल्यात इस्रायली पथकातील ११ जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी रँडमध्ये ब्रायन जेन्किन्स यांच्या पुढाकाराने दहशतवादाच्या पद्धतशीर अभ्यासाला आरंभ झाला. रँड कंपनीपासून स्वतंत्र झाली, हे खरे. परंतु तिच्या कामाचा मोठा भाग अमेरिकी सरकारनेच सोपवलेला राहिला. स्वातंत्र्य एका बाजूने पूर्ण आणि दुसऱ्या बाजूने अपुरे असू शकते, ते असे.

येथे तीन शब्दांतील भेद लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. ‘स्वतंत्र’ म्हणजे स्वतःच्या तंत्राने चालणारा, इतर कोणावर अवलंबून नसलेला. ‘स्वायत्त’ म्हणजे स्वतःच्या अधीन असलेला. आपला कारभार आपण पाहणारा, मग त्याचा खर्च दुसऱ्याने का केलेला असेना! ‘निष्पक्ष’ हा शब्द मात्र रचनेविषयी नसून वृत्तीविषयी आहे; निर्णय देताना कोणाचीही बाजू न घेणे, असा त्याचा अर्थ. दिल्लीतील संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था १९६५ मध्ये, यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री असताना, स्थापन झाली. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. तिला निधी संरक्षण मंत्रालयाकडून मिळतो आणि ती स्वतःला स्वायत्त म्हणवते. निधी कोठून येतो हे उघड असल्यामुळे वाचकाची फसवणूक होत नाही. मात्र ‘स्वायत्त’ हा शब्द वाचून ‘स्वतंत्र’ असा अर्थ घेतला, तर चूक आपली ठरेल.

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचलेली नाही. पैसा देणारा प्रत्येक वेळी हुकूम सोडतो असे नाही. बहुधा त्याची गरजच पडत नाही. पुढील वर्षीचे अनुदान मिळावे या इच्छेने लेखणी आपणहून सावध होते. काही प्रश्न विचारलेच जात नाहीत आणि काही धोके जरा ठळकपणे रंगवले जातात.

याचा परिणाम किती गंभीर असू शकतो, हे ब्रिटनमधील क्विलियम फाउंडेशनच्या उदाहरणावरून कळते. जहाल विचारांचा त्याग केलेल्या कार्यकर्त्यांनी २००८ मध्ये ही संस्था लंडनमध्ये स्थापन केली. सुरुवातीच्या वर्षांत तिला ब्रिटिश सरकारकडून मोठा निधी मिळत होता. २०१० मध्ये तिने सरकारच्या दहशतवादविरोधी विभागाकडे पाठवलेले एक टिपण बाहेर फुटले. शांततेच्या मार्गाने काम करणाऱ्या काही मुस्लिम संघटनांची विचारसरणी दहशतवाद्यांच्या विचारसरणीशी जुळते, असे त्यात म्हटले होते. अतिरेकी विचारांचा धोका वेळीच दाखवणे हे आपले कामच आहे, अशी संस्थेची भूमिका होती. परंतु ज्यांची नावे त्या यादीत आली, त्यांना आपली बाजू मांडण्याची संधी आधी मिळाली नव्हती. पुढे सरकारी निधी थांबला आणि २०२१ मध्ये संस्था बंद झाली. अहवालातील एका ओळीने माणसे संशयाच्या छायेत येऊ शकतात, म्हणूनच ती ओळ कोणाच्या पैशाने लिहिली गेली, हे जाणून घेण्याचा त्यांना व आपल्याला अधिकार आहे.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न माणसांचा. सुरक्षा-विषयक संस्थांत निवृत्त सेनाधिकारी, पोलीस अधिकारी व गुप्तवार्ता अधिकारी मोठ्या संख्येने असतात. इंटेलिजन्स ब्युरोचे माजी संचालक अजित डोवाल हे २००९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या विवेकानंद इंटरनॅशनल फाउंडेशनचे संस्थापक-संचालक होते. २०१४ मध्ये ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. अशा व्यक्तींचा प्रत्यक्ष अनुभव अमोल असतो, यात शंका नाही. मात्र ज्या यंत्रणेत आयुष्य घालवले, किंवा जिच्यात पुन्हा जायचे आहे, तिच्याकडे तटस्थपणे पाहणे सोपे नसते.

तिसरा प्रश्न व्याख्येचा. दहशतवाद म्हणजे काय, यावरच जगाचे एकमत नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा प्रस्ताव मांडला. त्यावर अद्यापही सहमती झालेली नाही. व्याख्या बदलली की मोजणी बदलते. एका संस्थेच्या यादीतील हल्ला दुसरीच्या यादीत दंगल किंवा युद्ध म्हणून नोंदलेला असू शकतो.

मग या संस्थांचे अहवाल वाचूच नयेत काय? तसे मुळीच नाही. सरकारचे म्हणणे पडताळून पाहणारा कोणीतरी बाहेरचा असावाच लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एप्रिल २००४ मध्ये आपला वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. २००३ मध्ये जगात आंतरराष्ट्रीय दहशतवादाचे १९० हल्ले झाले आणि ३०७ माणसे मरण पावली, असे त्यात नमूद होते. हल्ल्यांची ही संख्या १९६९ नंतरची सर्वांत कमी असल्याचेही सांगण्यात आले. ॲलन क्रूगर आणि डेव्हिड लेटिन या दोन प्राध्यापकांनी अहवालाला जोडलेली घटनांची यादी तपासली, तेव्हा आकडे जुळेनात. नोव्हेंबरच्या मध्यानंतरच्या घटना मोजणीतून वगळल्या गेल्या होत्या. जूनमध्ये खात्याला सुधारित आकडे द्यावे लागले : हल्ले २०८, मृत्यू ६२५. ही चूक सापडली, कारण घटनांची यादी कोणालाही तपासता येईल अशी छापलेली होती आणि ती तपासणारे त्या खात्याचे नोकर नव्हते.

स्वातंत्र्याची खरी कसोटी येथे दिसते. एखादी संस्था स्वतःला काय म्हणवते यापेक्षा ती काय उघड करते, याला महत्त्व आहे. देणगीदारांची नावे व रकमा जाहीर केल्या आहेत काय? लिहिणारे पूर्वी कोठे काम करीत होते, हे सांगितले आहे काय? व्याख्या आणि मोजणीची रीत दिली आहे काय? पैसे देणाऱ्याला न रुचणारा निष्कर्ष या संस्थेने कधी मांडला आहे काय? ट्रान्स्परिफाय या उपक्रमाने तर २०१४ पासून अनेक देशांतील थिंक टँकना आर्थिक पारदर्शकतेसाठी शून्य ते पाच तारे देण्यास सुरुवात केली होती. अर्थात, पारदर्शक संस्थेचा निष्कर्षही चुकू शकतो. पण ती चूक शोधण्याचा मार्ग तिथे मोकळा असतो.

दहशतवादाचे भय खरे आहे, आणि भयभीत मनाला तज्ज्ञाचा शब्द चटकन पटतो. त्या शब्दांवरून कायदे होतात, झडत्या होतात, कोणाला कोठडीत ठेवायचे हे ठरते. म्हणून यापुढे ‘स्वतंत्र संस्थेचा अहवाल’ असे शब्द वाचनात आले, की क्षणभर थांबावे आणि विचारावे : स्वतंत्र, पण कोणापासून? उत्तर अहवालातच मिळाले, तर तो अवश्य वाचावा. मिळाले नाही, तर त्याचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहावा आणि मगच आपले मत बनवावे.