भस्मासुराचा हात

रात्री साडेअकराला देवळामागच्या पडवीत मोहिनी तयार होत होती. कमरेला लुंगी, समोर पेटाऱ्याला टेकवलेला आरसा. सफेदा लावून झाला होता, आता गालावरचा तांबडा रंग बोटानेच पसरवणं चाललं होतं. त्या बोटांच्या नखांत गॅरेजचं काळं तेल तसंच होतं. दशावतारात रंगवायला वेगळा माणूस नसतो, ज्याचं तोंड त्याने रंगवायचं.

सावंतवाडीच्या आसपास त्रिपुरी पौर्णिमेपासून जत्रांचा हंगाम सुरू होतो. दशावतारी मंडळी मग रोज नव्या देवळात. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन चालत जात, म्हणून ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं म्हणतात. आता टेम्पो असतो. लिहिलेली संहिता मात्र आजही नसते. आख्यान ठरतं, पुढचं बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं.

गणपती, रिद्धीसिद्धी झाल्या. काळ्या कपड्यातला संकासूर लाल जीभ हलवत मालवणीत लोकांना हसवून गेला. मग आख्यान लागलं: भस्मासूर. रंगमंचावर एकच बाकडं. तेच कैलास, तेच सिंहासन.

शेजारची आजी म्हणाली, “चेडवा, तेच्या तोंडाकडे बघू नको, हाताकडे बघ.”

मी हात बघत राहिले. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला मिळाला तेव्हा तो हात ताठ होता, बोटं मिटलेली. मोहिनी आली. तिने कमरेवर हात ठेवला, अर्ध्या मात्रेनंतर त्यानेही ठेवला. तिने मान वळवली, त्याने वळवली. पखवाजवाल्याची नजर तिच्या पावलांवर होती, लय तिथूनच ठरत होती. हळूहळू ती अर्धी मात्रा भरून निघाली. दोघं एकदम हलू लागली. आणि मग एक क्षण असा आला की त्याने तिच्या हाताकडे बघणंच सोडलं. डोळे तिच्या चेहऱ्यावर, हात आपोआप तिच्यामागे. मोहिनीने डोक्यावर हात ठेवला. त्याचा हात वर जाताना सगळं अंगण गप्प होतं.

इच्छा माणसाला काय करते ते मला त्या अर्ध्या मात्रेत दिसलं. तो तिला मिळवायला निघाला होता, आणि स्वतःची एकही हालचाल त्याच्याकडे उरली नव्हती.

इच्छा अशी अंगाने दाखवणं सर्कशीत उशिरा आलं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत भारतीय सर्कस उभी केली, तेव्हा लोक घोडे बघायला जात. गेल्या पन्नासेक वर्षांत पश्चिमेतल्या नव्या सर्कशीने प्राणी सोडून माणसाचं मन धरलं. १९८४ मध्ये क्वेबेकमध्ये सुरू झालेली ‘सर्क दु सोलेय’ त्यातली सर्वांना ठाऊक असलेली. झुल्यावर, दोरावर ती मंडळी हाव, भीती, ओढ अंगाने सांगतात. इकडे दशावतारातही ट्रिकसीन आले आहेत. धूर निघतो, देव तारेवरून उतरतो, गर्दी होते. मला ते आवडतात. पण त्यांच्यापायी हा संथ नाच आखडता घेतला की जीव तुटतो. तो हात वर जायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची हिंमत अजून या मंडळींकडे आहे.

पहाटे पडवीत मोहिनी खोबरेल तेलाने तोंड पुसत होती. भस्मासूर पेटाऱ्याला टेकून आपला उजवा खांदा चोळत बसला होता.