कट्यारमाशीची ओळख

नांवावरून कोणाची पारख करूं नये असें घरांतील वडील मंडळी सांगत आली आहेत. कीटकसृष्टींत या उपदेशाची आठवण पदोपदीं होते. इंग्रजींत जिला ‘स्टिलेटो’ म्हणजे बारीक कट्यारीची उपमा मिळाली, ती माशी कोणास भोंसकीत नाहीं कीं चावत नाहीं. तिचें शरीर शेवटाकडे निमुळतें होत जातें, एवढेंच. या माशांचें कुल थेरेव्हिडी. आणि कुलास जिच्यावरून नांव मिळालें ती प्रजाति थेरेव्हा.

१७५८ सालीं लिनीयसनें यांतील एक जाति घरमाशीच्याच प्रजातींत घातली होती. तिला निराळें घर दिलें तें फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय (१७६२–१८३३) यानें. हा मूळचा धर्मोपदेशक. राज्यक्रांतींत शपथ न घेतल्यामुळें तो तुरुंगांत पडला. बोर्दो येथील कोठडींत त्याला एक लहानसा भुंगेरा दिसला. हा दुर्मिळ आहे, असें त्यानें वैद्यास सांगितलें. वैद्यानें तो एका तरुण निसर्गाभ्यासकाकडे पाठविला, आणि त्या ओळखीनें लात्रेयची सुटका झाली. एक किडा बरोबर ओळखल्यानें ज्याचा प्राण वांचला, त्यानें पुढील आयुष्य कीटक ओळखण्यांत वेंचलें, यांत नवल तें काय?

आतां ही माशी ओळखावी कशी? दरोडेखोर माशी दिसण्यांत हिच्यासारखीच असते. परंतु तिच्या दोन डोळ्यांमध्यें खोलगट खळगा असतो व तोंडावर राठ मिशा असतात. कट्यारमाशीस हीं दोन्ही नाहींत. हिच्या पंखांतील एक शीर टोकाशीं दुभंगते व पंखाच्या अग्रास जणूं कवेंत घेते. थेरेव्हाच्या नराचे डोळे माथ्यावर भिडतात, मादीचे दूर राहतात. अंगावरची सोनेरी वा रुपेरी लव मोहक खरी, पण जुन्या नमुन्यांवरून ती झडून जाते. म्हणून केवळ रंगावर विसंबल्यास फसगत होते, आणि जाति ठरवितांना नराच्या उदराच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात.

खरी शिकारी आहे ती हिची अळी. सापासारखी बारीक व चपळ अशी ही अळी वाळूंत वा भुसभुशीत मातींत फिरून भुंगेऱ्यांच्या अळ्या फस्त करते.

माशी दिसली कीं मारावी, ही आम्हां सर्वांची संवय. मुलांनीं हात उगारण्यापूर्वीं ‘ही कोण?’ एवढें विचारलें, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.